हललेला फोटो

(रत्नागिरीतला ओमकारचा फोटो स्टुडिओ. समोर बाकावर कमळा आणि तिचा धाकटा भाऊ गुणाजी.)

गुणाजी : फोटोतल्या कीर्तनकार बुवांना काप हवं तर. कडेला हात लावू नको. आम्हाला कडेचंच पायजे.

ओमकार : कडेला काय आहे आजोबा? एक खांब, एक बाई. तीपण हललेली.

कमळा : बाई काय रे! आई आमची.

ओमकार : चुकलो, आजी.

गुणाजी : देवळात उत्सवाला जुने फोटो लावलेत ना, त्यातला हा. देवरूखच्या बुवांच्या नातवानं आणून दिला. आईचा दुसरा फोटोच नाय कुठं. मांडीवर झोपलाय तो मी. मला कळायच्या आधीच गेली ती.

कमळा : आणि डोळे वटारून बसलीय ती मी. पायरीखाली बघ, मासळीची पाटी पालथी घातलीय. बाजार उरकला की हातपाय धुऊन तशीच कीर्तनाला. कपाळाला बुक्का लागल्याशिवाय भाताचं आधण नाय ठेवायची.

ओमकार : गॅसबत्तीच्या उजेडातला फोटो आहे, आजी. जरा हललं की पुसलंच. बघा ना, बाकी सगळे कसे पुतळ्यासारखे. बुवासुद्धा चिपळ्या वर धरून थांबलेत.

कमळा : "कोणी हलू नका" म्हणून केवढ्यांदा ओरडला तो फोटोवाला! मी तर श्वास धरून बसले. आईचं लक्ष कुठं? बुवांचा गजर थांबला, हिचा चालूच, मान कलवून डोलत.

गुणाजी : तेवढ्यापुरती स्वस्थ बसली असती तर काय देव रागावणार होता?

कमळा : गुणा!

गुणाजी : तुझं ठीक आहे, आक्का. तू बघितलंयस तिला. ओमकार, आमचा नातू चिराग म्हणतो, कॉम्प्युटर आता पुसलेला चेहरापण काढून देतो. खरं?

ओमकार : देतो की. थांबा जरा... हं, हा घ्या.

गुणाजी : अगो आई! आक्का, डोळे बघ. हसतेय बघ कशी. हाच मोठा करून दे, ओमकार. देवाच्या खोलीत लावतो. अशीच होती ना गो?

कमळा : चांगली आहे रे बाई.

गुणाजी : पण?

कमळा : असेल कोणाची तरी. आपली नाय.

गुणाजी : हो म्हटलं असतंस तर काय जीभ झडली असती तुझी?

कमळा : ओठावर आलं होतं. पण उद्या तू तिला हात जोडणार, नातीला, दिशाला पाया पडायला लावणार. एका परक्या बाईला. आणि आपली ती खांबाशी तशीच बसून.

गुणाजी : मग मी काय भिंतीवर धुकं लावू?

ओमकार : आजोबा, एक विचारू? गेल्या उत्सवात कीर्तनाचे फोटो मी काढले. तुमचा मिळाला तुम्हाला?

गुणाजी : कुठं! गावाला वाटलेस, मला नाय. म्हटलं, विसरला असेल.

ओमकार : विसरलो नाही. एकही धड नव्हता, द्यायची लाज वाटली. हे बघा. शेजारचे सगळे स्पष्ट. आणि हे तुम्ही, हललेले.

कमळा : अगो बाय माझे! मान बघ याची. डावीकडे कशी कललीय. ओमकार, दोन्ही शेजारी शेजारी धर रे.

ओमकार : हे घ्या.

गुणाजी : ...हा मी?

कमळा : तूच. आणि ती ती.

ओमकार : मग कुठला छापू, आजोबा? चेहऱ्याचा?

गुणाजी : तो पुसून टाक. आहे तशीच छाप तिला. ...पण आक्का, मला डोलायला कोणी शिकवलं नाय गो.

कमळा : मांडीवर होतास ना.