एकट्याने जहाज ओढणारा हिरो

ताकदीवरून आठवलं. आमच्या धाकटी डहाणू गावात होडी पाण्यातून वर ओढायची तर अख्खी आळी हात लावते. पण माझा मोठा भाऊ आळीत सगळ्यांशी भांडून बसलेला. वादळाचा इशारा आला, होडी पाण्यातच, आणि दादा पोरीबरोबर कार्टून सिनेमा बघतोय! त्यातल्या हिरोने एकट्याने जहाज ओढून किनाऱ्याला आणलं.

दादा ओरडला, "बघ आई, याला म्हणतात ताकद!"

कोळंबी सोलता सोलता आई म्हणाली, "कसली ताकद? एवढं मोठं जहाज, आणि हात लावायला एक माणूस नाय आला. गावाशी वागलाच तसा असेल मेला."

दादाने चपला घातल्या आणि माणसं बोलवायला निघाला. दारातून वळून म्हणाला, "तो सिनेमा बंद करा आधी. पोरगी बिघडेल."