हत्तीणबाईंचं स्टूल

…म्हणे स्टूलच तर आहे! असं म्हणून मोकळे होतात हो लोक, पण तुम्हाला सांगतो, हत्तिणीचं स्टूल म्हणजे खायचं काम नाही! मी सर्कशीतला सुतार. उंटाच्या पायऱ्या मी करायच्या, कुत्र्यांची झुलती फळी मी करायची, पोपटाची सायकल मी सरळ करायची, आणि वर हे सगळं ट्रकवर चढवायचं-उतरवायचं तेही मीच… कंबरडं मोडतं! पण ती जनावरं सालस, समोर ठेवलं की चढली. आमच्या हत्तीणबाई तशा नाहीत. नवं स्टूल दिसलं की आधी सोंडेनं हुंगणार, मग एक पाय टेकवणार, मग तो काढून घेणार, आणि मग माझ्याकडे बघणार. म्हणजे काय, तर आधी तू चढ! मी वर चढून तीन उड्या मारल्या की मग बाई चढणार. का? तर कधी काळी कुणा दुसऱ्या सुताराचं स्टूल तिच्याखाली मोडलं होतं. पाप त्याचं, उड्या माझ्या!

एरवी हे सकाळच्या सरावात उरकतं. पण त्या दिवशी जुनं स्टूल सरावातच तडकलं, आणि संध्याकाळच्या खेळाला येणार कोण? सासरेबुवा! आता घोळ असा, की लग्न जुळवताना हिच्या मामांनी त्यांना सांगून ठेवलेलं, मुलगा सर्कशीत इंजिनियर आहे. तेव्हापासून आम्ही दोघं ते निभावतोय. सकाळी हिनं मला दारात अडवलं.

"आज रिंगणात पाऊल टाकायचं नाही. बाबांना कळलं तर ते परत आपल्या घरी यायचे नाहीत."

डोळ्यांत पाणी हो तिच्या! हो म्हटलं. दिवसभर करवत, रंधा, लोखंडी पट्ट्या, बोल्ट… हत्तिणीचं स्टूल म्हणजे खायचं काम आहे का? ते झालं तेव्हा बाहेर बँड सुरू! सहाजणांनी उचललं, पुढचे म्हणतात डावीकडे, मागचे म्हणतात उजवीकडे, आणि कोपरा मधल्या माझ्या पायावर! ठेवलं एकदाचं रिंगणात आणि मी पडद्यामागे पसार.

बाई आल्या. हुंगलं. पाय टेकवला. काढला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि सरळ पडद्याकडे आल्या की! सोंड आत घातली, मला कॉलरला धरून बाहेर ओढलं. रिंगमास्तर वरच्या पट्टीत सुरू, "आणि आता, रसिकहो, आमचे… अं… आमचे हे…" आणि मग दातांतल्या दातांत मला, "उडी मार रे लवकर!"

मारल्या. अंगभर भुसा, कानावर पेन्सिल, अख्खा तंबू हसतोय. मग बाई चढल्या, आणि तुम्हाला सांगतो, कुरकूरसुद्धा नाही! टाळ्यांचा कडकडाट! मला असा आनंद झाला, असा आनंद झाला… आणि पहिल्या रांगेत नजर गेली. हिनं तोंड झाकून घेतलेलं. सासरेबुवांचे हात मांडीवर.

खेळ संपल्यावर ते मागे आले. ही त्यांच्यामागे, पांढरीफटक. त्यांनी स्टुलाभोवती एक फेरी मारली, बोटांनी ठोकून पाहिलं. मी म्हटलं, बाबा, मी सुतार आहे. बनवणारा स्वतः चढल्याशिवाय ती विश्वासच ठेवत नाही हो. त्यांनी हत्तिणीकडे बघितलं.

"शहाणी आहे," म्हणाले, "मुलगी देताना मला हे सुचायला हवं होतं."

मग कोपऱ्यातली खुर्ची ओढली, स्टुलासमोर ठेवली आणि हाताची घडी घालून बसले माझ्याकडे बघत… काय करता? चढलो पुन्हा.