पुस्तकातली सासू

—नाही हो बाई, पुस्तकातली सासू खरी कुठली! लेखिकांचं डोकं ते, काहीही सुचतं त्यांना. तुम्ही घ्या, वाचा. कंपालातल्या बायकांनी लिहायचं आणि बायकांनीच छापायचं, असं ह्या संस्थेचं आहे— हो, लेखिका माझी सून, नान्सिकोंबी. ती बघा, निळ्या पायघोळ गोमेसी झग्यात, माइकशी झटापट करतेय.

तशी मी इथे पहिल्यांदा आले ती भांडायलाच. दर सोमवारी ही संध्याकाळी गायब— म्हणे शिवणाच्या क्लासला जाते. आणि घरात साधं बटण लावलेलं दिसेना! म्हटलं, झालं, कुणीतरी पुरुष आहे. एका सोमवारी मी भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या मागे बसले, 'त्या पुढच्या गाडीला सोडू नकोस रे.' उतरले ती ह्याच अंगणात. बघते तर पुरुष औषधालाही नाही! बाया चहा पीत बसलेल्या, आणि आमची ही उभी राहून वाचतेय. काय वाचतेय? एक सासू केळी सोलतेय, नवऱ्याने घरात दुसरी बायको आणलीय, आणि आपलं रडू शेजारच्या खोलीतल्या नव्या सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून मोठमोठ्याने देवाची गाणी म्हणतेय.

कधी कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता मी— हां. निसटलंच तोंडातून. असू दे आता.

दारातूनच ओरडले, 'गाणी नव्हती! शेंगदाणे कुटत होते मी!' सून गुडघ्यांवर आली, 'आई, चुकलं माझं.' 'चुकलंच,' म्हटलं, 'दुरुस्त कर!' मग इथल्या मुख्य बाई, क्योमुहेंडो, पुढे आल्या. म्हणाल्या, 'तुमची हरकत असेल तर हे प्रकरण काढून टाकू. तुम्ही म्हणाल तसं.' तुम्ही म्हणाल तसं! नवऱ्याने ती दुसरी आणली तेव्हा विचारलं होतं का मला? विचारायचं नाव नको. मी चहा संपवला, आणखी मागितला, आणि म्हटलं, राहू दे.

हे कळल्यावर मुलगा भडकला. सेबुलिबा. 'मेलेल्या बापाची अब्रू वेशीवर टांगताय!' म्हटलं, 'अब्रू त्याची, आणि झाकत बसायचं मी?' तेव्हापासून बायकोशी हो-नाही एवढंच, माझ्याशी तेवढंही नाही. ताट उचलतो नि ओसरीवर जाऊन जेवतो. जेवू दे. मला काय— खोटं कशाला बोलू, घास उतरत नाही हो. एकुलता एक आहे.

हसू नका, सुनेने शेंगदाणे घातलेत बरं का पुस्तकात! आणि ती दुसरी? ती घर सोडून गेली केव्हाच, नवरा मेल्यावर महिनाभरात. बिचारी वाईट नव्हती, तिलाही कुणी विचारलं नव्ह—

थांबा. फाटकाशी पांढऱ्या सदऱ्यातला, तो माझा सेबुलिबाच... आत येतोय की नुसताच उभा आहे? आत येतोय. उठा, उठा बाई, ती खुर्ची द्या इकडे! पुस्तक नंतर घ्या, व्हा बाजूला— अगं ए नान्सिकोंबी, थांब जरा, सुरू करू नकोस!