‘फाइन’चा नेमका अर्थ

हॅलो?… हां, बोल. अगं, तुलाच लावणार होते. थांब, शिलाईमशीन बंद करते… हां.

तू शाळेत इंग्रजी शिकवतेस ना, मग एक सांग. फाइन म्हणजे काय?… चेष्टा नाही गं. तुझ्या दादाचा मेसेज आलाय. सकाळी तपासणीचा रिपोर्ट आणायला गेले आणि आत्ता एवढंच. फाइन.

…छान, हो, तेवढं मलाही कळतं. पण अगं ऐक ना, हा माणूस साधा बल्ब आणायला गेला तरी ऐसपैस लिहितो, तेही मराठीत. आजच साहेब कसे झाले?

…हो, बारीक. बारीक दोऱ्यालाही आम्ही फाइनच म्हणतो… हो, दंडसुद्धा. एका शब्दाचे इतके अर्थ? म्हणजे तो शब्दच लबाड. इथेही हो, तिथेही हो.

काय? मूळ?… लॅटिन. बरं… काय म्हणालीस, शेवट?

…नाही, घाबरले नाही. बोल तू… शेवटपर्यंत नेलेलं, म्हणून उत्तम. आणि भांडणाचा शेवट करायला भरायचा तो दंड. हं… पटलं. शर्टाला काजं-बटणं झाली, दोरे कापले, की आम्ही फिनिशिंग झालं म्हणतो, तसंच.

पण काय गं, आत्ता तुझा तास असतो ना?… सुट्टी? का?… सहज. ताप आला तरी शाळेत जाणारी तू, आणि सहज?… हो, हो, लॅटिन राहू दे आता… काय? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू?

दुसऱ्या कशाला? पहिले काय म्हणाले?

…म्हणजे रिपोर्ट तू पाहिलास.

…तुझ्याकडेच बसलेत ना ते?

…रडू नकोस. नाही, रागावले नाही. म्हणजे रागावलेय, पण तुझ्यावर नाही. आणि हा इंग्रजी शब्द कुणाचा, तुझा?… त्यांचाच. ‘सगळं ठीक आहे’ लिहायला घेतलं… आणि?… तीनदा खोडलं, आणि मग हा शब्द.

…दे त्यांना.

अहो… नाही, फोनवर काही सांगू नका. मी निघालेच. समोर बसून सांगा, जे असेल ते. आणि मराठीत सांगा.

ठेवते.