धोपाव्याची होडी भर खाडीत थांबवल्याबद्दल

मी सगुणा भ्रतार विठू पालशेतकर, वय अंदाजे सव्वीस, धंदा मासळी विकणे, राहणार दाभोळ, तालुका दापोली. आज तारीख ९ ऑगस्ट १९३१ रोजी दाभोळ पोलीस चौकीवर समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझे यजमान खलाशी आहेत. जुलैत पडाव किनाऱ्यावर ओढताना त्यांची मांडी चेंगरली व आत पू धरला. गावात डॉक्टर लिमये एकटेच. औषध पहिल्यापासून त्यांचेच. सोमवारी त्यांनी मांडी चिरून आत रबराची नळी घातली. म्हणाले, "गुरुवारी मी येऊन काढीन. तोवर कोणी हात लावायचा नाही."

बुधवारी मी बाजारात असता सासरे गंगाराम यांनी एका जाणत्याकडून पट्टी सोडवून पाल्याचा लेप लावला. गुरुवारी डॉक्टरांनी तो पाहिला. "आता याची जबाबदारी माझ्यावर नाही," म्हणाले व नळी तशीच ठेवून गेले. सासऱ्यांनी पाय धरले. ते थांबले नाहीत.

शुक्रवारी मी दोन वेळा डॉक्टरांच्या दारी गेले, ते आले नाहीत. दीर रावजी पावसातून चालत दापोलीस गेला. तेथील डॉक्टर म्हणाले, रोग्याला इकडे आणा, नाहीतर नळी घालणाऱ्याची चिठ्ठी आणा. यजमान हलवण्याजोगे नव्हते. आगबोटी पावसाळ्यामुळे बंद. शनिवारी मी चिठ्ठी मागितली. डॉक्टरांनी दिली नाही. त्या रात्रीपासून यजमान तापात मला ओळखत नाहीत.

आज सकाळी आठच्या सुमारास डॉक्टर खाडीपलीकडे धोपाव्यास दुसरा रोगी पाहण्यास निघाले. होडी रावजी वल्हवतो. मीही बसले. खाडीच्या मध्यावर मी रावजीस वल्ही आत घेण्यास सांगितले. त्याने घेतली. त्यात त्याचा दोष नाही.

मी म्हटले, "डाक्तर, तेवडी नळी काडा. मग आमच्या दारात येऊ नका."

डॉक्टर म्हणाले, "ही जबरदस्ती आहे. मी फिर्याद करीन."

"करा. पन आधी नळी काडा."

ओहोटी लागली होती. होडी खाडीच्या मुखाकडे, लाटांकडे ओढली जात होती. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी काठ धरला होता. मी त्यांच्या अंगाला हात लावला नाही. शिवी दिली नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "फिरव."

घरी त्यांनी नळी काढली. खूप घाण आली. दीड तास बसून त्यांनी जखम धुतली. धुताना एकदा म्हणाले, "तीन दिवस आधी व्हायला हवं होतं." कोणास म्हणाले ते मला सांगता येत नाही. त्यानंतर त्यांनी चौकीवर येऊन फिर्याद दिली. रावजीला सकाळपासून येथे बसवले आहे.

हाती घेतलेला रोगी डॉक्टरास मध्येच सोडता येतो की नाही, हे मी जमादारसाहेबांस विचारले. ते म्हणाले, ते कोर्ट पाहील. होडी मी थांबवली हे मला कबूल आहे.

ताप उतरलेला नाही. जखम रोज धुवायची आहे. उद्या कोण धुणार, हे डॉक्टर बोलले नाहीत.

शेवटच्या गोष्टीचा या फिर्यादीशी संबंध नाही असे जमादारसाहेब म्हणाले. माझ्या आग्रहावरून ती लिहिली आहे. सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सगुणा भ्रतार विठू पालशेतकर