चार वाजले की कॅप्टन उठतो

...नाही, पण मला सांगा, कॉफी सांडली माझ्या अंगावर, मनगट मुरगळलं माझं, आणि फॉर्मही मीच भरायचा? तुम्हाला सांगते, मी काम करते तो वृद्धाश्रम कॅनडातल्या विनिपेग सरोवराच्या काठावर, बाहेर मैलोन् मैल बर्फ, आत बावीस म्हातारी माणसं, सगळं कसं कापसात गुंडाळल्यासारखं... घड्याळसुद्धा डुलक्या घेतं! आणि चार वाजले की कॅप्टन उठतो.

कॅप्टन म्हणजे आइनार. वय शहाऐंशी, जन्मभर गोठलेल्या सरोवरावर मासेमारी केलेली, आता बायकोचं नावही कधी आठवतं, कधी नाही. दिवसभर अगदी गरीब हो! पण चार वाजता कॉरिडॉरच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा. 'मागे व्हा! पाऊल टाकाल तर खबरदार!' अहो, पलीकडे जेवणघर, लोकांना कॉफी हवी! सोमवारी त्यानं माझा ट्रे उडवला. मग भरा फॉर्म! बुधवारी आश्रमातल्याच हेझलबाईंना दंडाला धरून असं खेचलं, की पाच बोटं निळी उमटली. मग भरा फॉर्म! त्यात एक रकाना असतो, 'घटनेआधी काय घडले?' मी आपली लिहिते, 'काही नाही. चार वाजले.'

मुख्य नर्स डोरीन, ती नाकातून बोलते, 'लॉरेटा, आणखी एक घटना झाली ना, की याला शहरातल्या कुलूपबंद वॉर्डात पाठवणार हं!' शहर दोन तास लांब! त्याची बायको सिग्रिड रोज पायी भेटायला येते, तिनं काय करायचं?

शुक्रवारी मी टपूनच बसले. चार वाजले, हेझलबाई निघाल्या, कॅप्टन झेपावला, मी मध्ये पडले... म्हणजे खरंच पडले हो, कॉफीसकट, दाणकन! आणि बसल्या जागेवरून समोर बघते तर... पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन, नुकतं मेण लावलेली फरशी, निळसर, लखलखीत, लांबच लांब... कॉरिडॉर कुठला? सरोवरच की! मधोमध काळपट, ओलसर... तिथं बर्फ इतका पातळ दिसत होता, की मीच पाय आखडून घेतले! हा बिचारा रोज आम्हाला बुडताना वाचवतोय, आणि आम्ही लिहितोय 'हल्ला'?

मी हळूच विचारलं, 'कॅप्टन, कुठून जाऊ?'

त्याची काठी खाली आली. 'कडेकडेनं ये, पोरी. माझ्या पावलावर पाऊल टाक.'

टोक... टोक... काठी आपटायची, कान लावून ऐकायचं, मग एक पाऊल. मागे मी, माझ्यामागे हेझलबाई, 'पण पलीकडे कॉफी मिळेल ना?' पोचल्यावर त्यानं आम्हाला मोजलं. दोनदा मोजलं. आणि जेवणघरात वाट बघत बसलेल्या सिग्रिडच्या शेजारी टेकून म्हणाला, 'सगळे आले.'

'आमच्या लग्नाच्या वर्षी एक कमी भरला होता,' सिग्रिड माझ्या कानात म्हणाली. 'माझा भाऊ.'

...मग भरला फॉर्म! घटनेआधी काय घडले? 'ऊन आलं.' उपाय? 'पडदा लावा, मेण बंद.' डोरीननं तीनदा वाचला, नाक पुसलं, आणि स्वतः उठून पडदा ओढला. वॉर्डाचा विषय संपला. कॅप्टन आता चार वाजता सिग्रिडचा हात धरून डुलक्या घेतो.

बिघडलं ते माझं! परवा किराणा दुकानात भर दुपारी फरशी अशी चकाकत होती... मागे लोक खोळंबलेत, 'चला की हो बाई!' आणि मी आपली शेल्फांना धरून, कडेकडेनं... हसा तुम्ही! पण मला पोहता कुठे येतं?