रजेच्या अर्जावरचं कारण

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले संस्थेचे पदाधिकारी, विद्यमान मुख्याध्यापिका सुमतीताई, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती नीला रोकडे, बाळकुमचे ग्रामस्थ, पालक आणि माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

सूत्रसंचालकांनी माझा परिचय 'शिस्तप्रिय माजी मुख्याध्यापक' असा करून दिला. त्यांचे आभार मानतो. पण त्या शब्दाविषयी मला थोडं बोलायचं आहे. वेळ पाच मिनिटांचा मिळाला आहे, तो जरा पुढे गेला तर अध्यक्षांनी घंटा वाजवू नये, एवढी विनंती.

रोकडेबाई आपल्या शाळेत सव्वीस वर्षं होत्या. नागरिकशास्त्र शिकवायच्या आणि शनिवारचा समाजसेवेचा तास घ्यायच्या. इतर शाळांत त्या तासाला पटांगणातले कागद वेचतात. बाई मुलींना गावात घेऊन जायच्या. म्हणायच्या, "नागरिक व्हायचंय ना? मग आधी आपलं गाव बघायला शिका."

अठ्ठ्याऐंशी साली आठवी 'ब'च्या मुलींनी मासळीबाजार झाडायला घेतला. नव्या मंडळींना ठाऊक नसेल, तेव्हा हा बाजार पाण्याच्या उंच टाकीखाली भरायचा. सावली मिळायची म्हणून कोळणी तिथे बसत. त्यांतल्या मनुबाईंची मुलगी सगुणा याच वर्गात होती. झाडताना तिच्या लक्षात आलं की आईच्या पाटीत रोज सिमेंटचे कपचे पडतात. तिने वर पाहिलं. एका खांबाला उभा तडा गेला होता.

बाईंचे वडील धोंडिबा वर्तकनगरच्या वसाहतीत गवंडीकाम करायचे. त्यांच्याकडून बाईंना एक गोष्ट माहीत होती. तड्यावर काचेची पट्टी आडवी बसवायची. पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना, निजलेला. फुटली तर तो चालतो आहे. मुलींनी पट्टी बसवली आणि शेजारी खडूने तारीख लिहिली. मनुबाई हसल्या म्हणे. "काच लावून टाकी थांबंल का गो?"

सगुणा म्हणाली, "थांबवायला नाय आये, कलायला."

पुढच्या शनिवारी पट्टी फुटलेली होती. दुसरी बसवली, ती पाच दिवस टिकली. मग दुसऱ्या खांबालाही तडा दिसला, तिथेही पट्ट्या बसवल्या.

मुलींनी संबंधित कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. सुवाच्य अक्षरात, तारखांसह. पहिल्याला उत्तर आलं, 'तक्रारीची नोंद घेतली आहे.' पुढच्या दोन्हींना काहीच नाही. पण एके दिवशी एक साहेब माझ्या खोलीत येऊन बसले. चहा घेतला, बिस्किट बुडवून खाल्लं आणि म्हणाले, "सर, तुमच्या मुली आमचं काम करायला लागल्यात म्हणे. नागरिकशास्त्र पुस्तकात आहे तेवढं पुरे की! बाकी तुमच्या नव्या वर्गखोल्यांची परवानगी रखडलीय ना? बघू आपण."

त्यांनी धमकी दिली नाही. आवाजही चढवला नाही. आणि मी, सभ्य गृहस्थहो, त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना बोलावलं. शनिवारी यापुढे मुलींनी शाळेतली झाडं शिंपावीत, असा लेखी आदेश हातात दिला.

"सर, मुलींना काय सांगू?"

"सांगा, कार्यालय बघेल."

"कार्यालय बघत नाही, हे त्यांनी स्वतः बघितलंय, सर."

मुख्याध्यापकाला उत्तर न देण्याची सोय असते.

बाईंनी आदेश पाळला. मुली झाडं शिंपू लागल्या. बाई मात्र शाळा सुटल्यावर एकट्या बाजारात जायच्या, कोळणींना म्हणायच्या, रस्त्यापलीकडे बसा. त्या म्हणायच्या, "बाय, उन्हान मावरं नासंल. आमी कय जाव?" त्यांचंही खोटं नव्हतं. मासळी नासली तर घरी चूल कशी पेटणार? आणि सगुणा रोज शाळेत येताना खांबांकडे बघून यायची. तिला कोण मनाई करणार? तिची आई तिथे बसत होती.

ऑक्टोबरातला मंगळवार. पहिला तास संपत आला होता. सगुणा धावत आली, वर्गात न जाता थेट शिक्षकखोलीपाशी. मी व्हरांड्यातच होतो.

"बाई, सगल्या काचा फुटल्या. आनि टाकी आवाज करते."

मी विचारलं, "कसला आवाज?"

"झोपेत कोन दात खातं ना सर, तसला."

बाई निघाल्या. मी फाटकात आडवा उभा राहिलो. त्या साहेबांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता. मी म्हणालो, "बाई, पुढचा तास सोडून असं जाता येणार नाही. रजेचा अर्ज भरा."

"सर, वेळ नाही."

"नियम आहे."

कारकुनाला कोरा अर्ज सापडेना. मग शाई सापडेना. सगुणा फाटकाचे गज धरून उभी होती, ती रडत नव्हती. बाईंनी अर्ज भरला. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'टाकी पडत आहे.' मी खाली 'मंजूर' असं लिहिलं आणि सही केली. व्हरांड्यातल्या घड्याळात दहा वीस झाले होते. शिक्षकखोलीतून त्या निघाल्या होत्या दहा बाराला.

बाजार शाळेपासून सहा मिनिटांवर. दोघींनी ओरडून, हाताला धरून बायकांना उठवलं. तेवीस जणी होत्या. बावीस रस्ता ओलांडून गेल्या. मनुबाईही उठल्या होत्या, पण आपली पाटी उचलायला मागे वळल्या. सकाळची टाकी भरलेली होती. आवाज मला शाळेत ऐकू आला. मग उतारावरून वाहत फाटकाखालून पाणी आत आलं, पायांपर्यंत, त्यात मासळी होती.

मनुबाई गेल्या.

चौकशी झाली. मला विचारलं, शाळेला आधी कल्पना होती का? मी म्हणालो, "मुलींचा उपक्रम होता, अधिकृत नव्हता." तो अर्ज मी दाखवला नाही. ती आठ मिनिटं बाईंनीही कुणाला सांगितली नाहीत. चौकशीत नाही, शिक्षकखोलीत नाही, मी निवृत्त होईपर्यंतच्या नऊ वर्षांत मलाही नाही. रोज सकाळी त्या मला 'नमस्कार सर' म्हणत राहिल्या. त्या नमस्काराची मला भीती वाटायची.

आमच्या वर्गखोल्यांना परवानगी मिळाली. आपण बसलो आहोत ते सभागृह त्यांच्याच माथ्यावर बांधलं आहे.

सगुणाने शाळा सोडली आणि आईची पाटी डोक्यावर घेतली. बाई दोन वर्षं संध्याकाळी तिच्याशेजारी बाजारात बसून तिला शिकवत होत्या. ब्याण्णव साली ती मॅट्रिक झाली. बाजार आटोपून ती आज आली आहे, शेवटच्या रांगेत बसली आहे. सगुणा, हे तुला मी फार आधी सांगायला हवं होतं.

आता येताना मी नोटीस बोर्डावर जूनचं वेळापत्रक पाहिलं. शनिवारचा समाजसेवेचा तास गेला आहे. तिथे जादा गणित आलं आहे. सुमतीताई, कारण विचारत नाही. कुणीतरी येऊन चहा घेऊन गेलं असेल, एवढंच मनात आलं.

आयोजकांनी मला बोलावलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात एखादा शब्द कमीजास्त झाला असेल, तर तेवढा पोटात घाला. बाकीचं पोटात घाला, असं म्हणण्याचा मला अधिकार नाही.

नमस्कार.